उत्तराच्या अलीकडे

तळघरातल्या त्या खोलीत दिवसाही दिवस नसायचा. भिंतींना काळं कापड, दाराला जाड पडदा आणि मधोमध टेबलावर एक स्क्रीन. स्क्रीनवर पांढरे ठिपके भिरभिरत असायचे, वाऱ्यावर सुटलेल्या कापसासारखे. समोर बसणाऱ्याने हनुवटी एका पट्टीवर टेकवायची, दोन्ही हातांची बोटं दोन कळांवर ठेवायची आणि ठिपके डावीकडे निघालेत की उजवीकडे, ते कळ दाबून सांगायचं. काम एवढंच. पण ठिपके सरळ चालतील तर ना! बरेचसे वाटेल तिकडे उधळलेले, थोडेच एका दिशेने निघालेले. त्या गर्दीचा एकूण ओढा कुणीकडे आहे, ते ओळखायचं.

थोरली त्या खोलीत इतकी वर्षं वावरली होती की डोळे मिटले तरी तिला ठिपके दिसत. चहाच्या वाफेत दिसत, बसच्या काचेवरच्या धुळीत दिसत, झोप लागता लागता पापण्यांच्या आतून संथपणे निघून जात. तिचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं. पण एकदा तिच्या धाकट्या भावाने प्रयोगशाळेत फोन करून “आमची थोरली आहे का?” असं विचारलं, आणि तेव्हापासून सगळा मजला तिला थोरलीच म्हणायला लागला. तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

ठिपक्यांशी तिचं तसं काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो ठिपके दिसणं आणि कळ दाबली जाणं यांच्या मधल्या वेळात. पापणी लवावी, फार तर एक श्वास घ्यावा, एवढासा तो वेळ. पण त्याच्या पोटात काय काय चालतं, हे शोधण्यात प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंचं उभं आयुष्य गेलं होतं.

मोठ्या बाई नव्या विद्यार्थ्यांना ते नावेची गोष्ट सांगून समजवायच्या. खुर्चीत मागे रेलून, डोळे अर्धवट मिटून. “धुकं पडलंय समजा. नदीच्या मधोमध एक नाव आहे, वल्ही नाहीत. डावा काठ म्हणजे ‘डावीकडे’ हे उत्तर, उजवा काठ म्हणजे ‘उजवीकडे’. डोळ्यांना जे दिसतं त्याचा प्रवाह होतो आणि नाव एका काठाकडे सरकायला लागते. लाटा तिला मागेपुढे ढकलतात. ज्या काठाला लागेल ते उत्तर.” मग त्या एकदम ताठ बसायच्या. “आता सांगा, उत्तराला उशीर का होतो? प्रवाहच मंद असेल, म्हणजे समजतच नाहीये. किंवा नदी रुंद असेल, म्हणजे माणूस सावध आहे, खात्री पटेपर्यंत हलायचं नाही म्हणतोय. किंवा नावेचा काही दोषच नाही, ती केव्हाच काठाला लागलीय. पुढे उतरून घरी जायलाच वेळ लागतोय. म्हणजे हात जड आहे.”

बाईंचं मॉडेल ते हेच. माणसाने किती वेळ घेतला आणि किती चुका केल्या, एवढे आकडे द्या. गणित करून ते सांगे, प्रवाह केवढा, नदी केवढी आणि हाताचा वेळ केवढा. माणसाला न विचारता त्याच्या मनात डोकावायची खिडकीच म्हणा ना.

ही खिडकी खरी की भिंतीवर रंगवलेली, हा प्रश्न काढला शंकासुराने. तो संख्याशास्त्री. थोरलीच्याच वर्षी रुजू झालेला, स्वभावाने लाखमोलाचा, पण पाणी दिलं तरी “उकळलंय ना?” म्हणून विचारणारा. नाव त्याने कमावलेलं होतं.

“बाई,” तो एकदा चहा पिता पिता म्हणाला, “मॉडेल आकड्यांशी जुळतं, हे मान्य. पण ज्याला आपण नदीची रुंदी म्हणतो, ती खरंच सावधपणाच मोजते कशावरून? आपण नाव दिलं म्हणून?”

“मग काय करूया म्हणतोस?”

“परीक्षा घेऊया. मी माणसांचे तीन गट बोलावतो. प्रत्येक गटासाठी एकच गोष्ट बदलतो. काय बदललं ते कुणाला सांगणार नाही. थोरलीने फक्त आकडे बघायचे आणि ओळखायचं.”

बाईंच्या निवृत्तीला फार अवकाश नव्हता, आणि आता ही नसती उठाठेव कशाला, असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण बाई कपातला शेवटचा घोट घेऊन म्हणाल्या, “कर. नापास व्हायची सोयच नसेल तर ती परीक्षा कसली?”

तेव्हापासून थोरलीला तळघराची पायरी उतरायला बंदी झाली. वरच्या मजल्यावर बसून ती खालच्या दाराची उघडझाप ऐकायची. माणसं येत, जात. त्यांचे चेहरे तिला दिसत नव्हते, फक्त त्यांचे वेळ तिच्यापर्यंत पोचत. आकड्यांच्या रांगांकडे बघता बघता तिला वाटे, आपण नदीकाठी धुक्यात उभ्या आहोत आणि समोरून नावा चालल्यात, नावेत कोण आहे ते काही दिसत नाही.

घरी वेगळंच धुकं होतं.

थोरलीचे बाबा गाडी शिकवणारे. अर्ध्या गावाच्या हातात त्यांनी स्टिअरिंग दिलेलं, त्यामुळे रस्त्याने जाताना अजूनही कुणीतरी काच खाली करून “मास्तर!” अशी हाक मारायचं. मागल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं पार आटलं. एकेक शब्द असा यायचा की जणू जड कपाट कुणी एकट्याने सरकवतंय. दुसऱ्या मजल्यावरचं घर, जिना अरुंद, त्यामुळे खाली उतरणं संपलं. दिवसभर ते खिडकीशी बसत आणि खालच्या चौकातली रहदारी बघत. एखादा गाडीवाला वेडावाकडा घुसला की त्यांचा डावा पाय खुर्चीखाली आपोआप दाबला जायचा. शिकवणाऱ्याच्या बाजूला असतो ना जादा ब्रेक, तो.

दवाखान्यात त्यांना चित्रं दाखवली होती. कात्री, छत्री, शिडी. नावं सांगायची होती. बाबांनी पहिल्या चित्राचं नाव तोंडात जुळवेपर्यंत डॉक्टरने तिसरं पुढे केलं होतं. शेवटी त्याने लिहिलं, ‘विचार मंदावले आहेत.’ थोरलीने ते वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि बाबांना रिक्षात बसवलं. जिचं पोटच उशिराची कारणं शोधण्यावर चालतं, तिने डॉक्टरला एका शब्दाने विचारलं नाही, की अहो, कशावरून?

धाकटा लांबच्या शहरात नोकरीला होता. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, येताना फळांच्या पिशव्या आणायचा आणि घर डोक्यावर घ्यायचा. मनाने निर्मळ, पण पायाला भिंगरी.

“ताई, मी काय म्हणतो,” एका खेपेला चपला काढता काढताच त्याने सुरुवात केली, “बाबांना माझ्याकडे नेतो. तळमजल्याचं घर आहे, दिवसाची बाई ठेवू. तू एकटी किती करशील? रंग बघ स्वतःचा, धुऊन वाळत घातल्यासारखी दिसतेस.”

“त्यांना विचार.”

“विचारतो की.” तो बाबांसमोर उकिडवा बसला. “बाबा! येणार ना माझ्याकडे?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. खिडकीतून कुठलातरी हॉर्न ऐकू आला.

“येणार, येणार,” धाकटा त्यांच्या गुडघ्यावर थोपटत उठला. “न यायला काय झालं? आणि ती शिकवायची गाडी नुसती गंजतेय खाली. ती देऊन टाकू कुणाला तरी, चालेल ना? चालेल. झालं तर मग.”

थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काहीतरी बोलावंसं तिला वाटलं खरं. पण त्याहून मोठं असं काहीतरी आतून सैल झालं, कपड्यांचा जड पिळा हातातून सुटावा तसं, आणि त्या सैल होण्याची तिला लाज वाटली. ती आत जाऊन भांडी आवरायला लागली.

परीक्षेचा निकाल बाईंच्या खोलीत लागला. दुपारची वेळ, पंखा कुरकुरत होता. थोरलीने घसा साफ केला.

“पहिला गट. प्रवाह मंद झालाय. तू ठिपके आणखी विस्कटलेस.”

“बरोबर,” शंकासुर म्हणाला.

“दुसरा गट. नदी रुंद झालीय. घाई करू नका, चुकू नका, असं बजावलंस त्यांना.”

“अगदी हेच शब्द.”

बाईंच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं होतं. थोरलीलाही हुरूप आला. “आणि तिसऱ्या गटालाही तेच बजावलंस. मला फसवायला दोनदा. इथेही नदीच रुंद झालीय, दुसऱ्या गटापेक्षा कमी, पण झालीय.”

शंकासुराने खिशातून एक छोटीशी स्प्रिंग काढून टेबलावर ठेवली. “तिसऱ्या गटाला मी एक अक्षर बोललो नाही. ठिपके तेच, सूचना त्याच. फक्त कळांच्या आतल्या स्प्रिंगा बदलल्या. कळ कडक केली. जोर लावल्याशिवाय दाबली जायची नाही.”

“म्हणजे हात जड केलास,” बाई सावकाश म्हणाल्या, “आणि आमचं मॉडेल म्हणतंय की माणूस सावध झाला.”

“हो बाई.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि स्प्रिंग बोटांत धरून दाबून पाहिली. “बरं,” त्या म्हणाल्या. बस, तेवढंच. शंकासुराला जिंकल्याचा आनंद झाला असेल म्हणावं, तर तो बिचारा स्वतःच तोंड लपवायला जागा शोधत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर थोरली तळघरात उतरली. आता बंदी उरली नव्हती. कडक कळा अजून तशाच टेबलावर होत्या. पडदा ओढून तिने हनुवटी टेकवली आणि ठिपके सुरू केले. खरं तर तिला काही तपासायचं नव्हतं. कुणी तोंड बघणार नाही अशा जागी जरा बसायचं होतं.

ठिपके आले, वाहत गेले, पुन्हा आले. अंधार मऊ होता. किती वेळ गेला कोण जाणे, तिचे डोळे जड झाले आणि ठिपक्यांचं धुकं होऊन ते नदीवर उतरलं. नदीत नाव होती. नावेत बाबा बसले होते, उजवा हात मांडीवर, डावा पाय पुढे. ती काठावरून ओरडत होती, “बाबा, आला काठ, उतरा!” बाबा काठाकडे बघत होते. काठ उंच होता, पाय टाकायचा तर सगळं अंग उचलायला लागणार होतं. ते घाबरले नव्हते, गोंधळलेही नव्हते. नुसते बघत होते, हाच का तो काठ, उतरण्याजोगा आहे का, निवांतपणे पारखत. नाव काठाला घासत पुढे सरकली आणि त्यांनी तिला सरकू दिलं.

हनुवटी पट्टीवरून घसरली तशी ती दचकून जागी झाली. समोर ठिपके तसेच वाहत होते. तिने अर्धवट झोपेतच कळ दाबली. कळ खरोखर चिवट होती. दुसऱ्यांदा दाबली, तिसऱ्यांदा दाबली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपलं बोट थांबतंय. दमून नाही. दिशा कळली तरी मन म्हणतंय, थांब, आणखी जरा बघ. एवढा जोर लावायचा तर तो फुकट नको जायला. हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. कडक कळेनेच सांगितलं होतं, गुपचूप.

ती जिना चढून धापा टाकत शंकासुराच्या खोलीत शिरली. “अरे, तू एक गोष्ट बदललीसच नाहीस! दोन बदलल्यास! कळ जड झाली म्हणून माणूस आपणहून सावध झाला. नदी खरंच रुंद झाली होती!”

शंकासुराने पेन खाली ठेवलं. “हरल्यावर सगळेच असं म्हणतात, थोरली.”

“चुका बघ ना. नुसता हात जड झाला असता तर उशीर वाढला असता, चुका तेवढ्याच राहिल्या असत्या. चुका कमी झाल्यात.”

“थोड्याशाच. तेवढं काय, योगायोगानेही होतं.”

“मग पुन्हा कर. असं कर, की बोट आधी एका हलक्या बटणावर टेकवून ठेवायचं. ठरलं की ते उचलायचं आणि मग कडक कळ दाबायची. बोट कधी उचललं आणि कळ कधी दाबली, दोन्ही वेळा वेगळ्या मोजायच्या. दोष हाताचा असेल, तर बोट वेळेवर उचललं जाईल आणि पुढे रखडेल. सावधपणा असेल, तर उचलायलाच उशीर होईल.”

शंकासुर छताकडे बघत बसला. त्याला शंका सुचली नाही की तो असाच छताकडे बघायचा. “आणि ह्या खेपेला आकडे मी बघणार,” तो शेवटी म्हणाला. “तू नाही.”

“बघ की. आणि खाली मीही येणार नाही.”

तळघराचं दार पुन्हा उघडायला-मिटायला लागलं. बाई मधूनच विचारायच्या, “काय म्हणतेय नदी?” आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायच्या.

एकदा बसमधून घरी येताना थोरलीचं डोकं खिडकीच्या काचेवर टेकलं होतं. संध्याकाळचं ऊन, रस्त्यावर माणसांची गर्दी, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. ती उगाच त्यांचा ओढा कुणीकडे आहे ते बघत होती. बस सिग्नलला थांबली आणि तिच्या मनात एकदम, कुणी शेजारी बसून सांगावं तसं, आलं. बाबांच्या तोंडातली कळ कडक झालीय. एकेक शब्दाला अख्खं अंग पणाला लावायला लागतं. मग ते थांबणारच. पारखणारच. आणि त्यांचं पारखून होईपर्यंत आम्ही तिसरं चित्र पुढे करतो.

तिचा स्टॉप मागे पडला. पुढच्या स्टॉपवर उतरून ती उलटी चालत आली.

“हे डॉक्टरच्या वरताण झालं,” तिने हे सगळं सांगितल्यावर धाकटा फोनवर म्हणाला. “ताई, तुझी प्रयोगशाळा घरात नको आणूस.”

“नाही आणत. येशील तेव्हा एकदाच विचारू. पण मध्ये तू बोलायचं नाहीस.”

“मी? मी कशाला बोलतोय?”

तो आला, फळांच्या पिशव्यांसकट. या खेपेला सोबत रिकामी मोठी बॅगही होती, बाबांच्या कपड्यांसाठी. तिसऱ्या प्रहरी चहा झाला. खिडकीतून उन्हाचा पट्टा बाबांच्या लुळ्या हातावर पडला होता. थोरली खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली.

“बाबा, हा तुम्हाला त्याच्याकडे न्यायचं म्हणतोय. तुम्हाला जायचंय का? घाई नाही. आज नाही सांगितलंत तरी चालेल.”

आणि ती थांबली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. ओठ किंचित हलले, पुन्हा मिटले. खालच्या चौकात सिग्नल पडला आणि रहदारी ओसरल्यासारखी झाली. धाकट्याने तोंड उघडलं. थोरलीने न बघता त्याच्या मनगटावर हात ठेवला. सिग्नल सुटला, गाड्या निघाल्या, त्यांचा आवाज लाटेसारखा वर आला आणि विरला. उन्हाचा पट्टा हातावरून मांडीवर सरकला होता की तिला तसा भास झाला, सांगता येत नाही. खोलीत सगळं तरंगत होतं, कप, फळांचा वास, ती रिकामी बॅग. धाकट्याची टाच जमिनीवर ताल धरायला लागली होती. मग तीही थांबली.

“तू,” बाबा म्हणाले. धाकट्याकडे बघून. सगळं अंग त्या शब्दामागे लागलं होतं. “इंडिकेटर... देतोस. आणि... लगेच... वळतोस.”

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हसला, मोठ्याने, पोट धरून, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. “चुकलं, मास्तर.”

थोरलीही हसत होती. आता बाबा नाही म्हणणार, हे तिला दिसतच होतं. धाकट्याची बॅग रिकामी परत जाणार. तिने मनातल्या मनात पदर खोचला होता, बाबा राहणार, आपण सगळं करू, आणि आता नीट करू.

पण बाबांचं संपलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे मान वळवली. पुन्हा तोच लांब, शांत काळ. या वेळी मध्ये बोलायचा मोह तिला झाला.

“जाईन मी,” बाबा म्हणाले. “तिथे... खाली... उतरता येईल. रस्त्यावर.”

“मी करते ना सगळं इथे, बाबा,” ती पटकन बोलून गेली. “तुम्हाला काय कमी...”

बाबांनी डावा हात उचलला, गाडी थांबवायला दाखवतात तसा.

“तूही,” ते म्हणाले, आणि बराच वेळ पुढचा शब्द आला नाही. “माझं... तूच... बोलतेस.”

खरंच होतं ते. शेजारणीला, फोनवर, फळवाल्याला, सगळ्यांना बाबांचं उत्तर तीच द्यायची. बाबांना बरं आहे. बाबांना गोड नको. बाबांना कळतं हो, फक्त वेळ लागतो. धाकटा निदान महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच यायचा, ती रोज बोलत होती.

“आणि गाडी?” धाकट्याने विचारलं, आणि स्वतःच तोंडावर बोट ठेवलं.

या वेळी उत्तर जरा लवकर आलं. “दे. कुणाला... शिकवायला.”

बॅग भरताना कुठले सदरे घ्यायचे, ते बाबांनी एकेक बघून सांगितलं. मान हलवून, कधी शब्दाने. संध्याकाळ त्यातच गेली. कुणाला कसली घाई नव्हती. निघायच्या दिवशी दोघा बहीणभावांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिना उतरवला. वळणावर धाकट्याचा पाय अडखळला तेव्हा बाबांचा डावा पाय हवेत दाबला गेला, आणि तिघांनाही हसू आवरेना.

प्रयोगशाळेतले आकडे त्यानंतर काही दिवसांनी आले. शंकासुर बाईंच्या खोलीत दारातच उभा राहिला. “उचलायलाच उशीर होतोय,” तो म्हणाला. “सगळा उशीर नाही. थोडा हाताचा आहे, तो मॉडेलने ओळखलाय. पण बोट उचलायच्या आधीच माणूस जास्त थांबतोय, हे नक्की. थोरली म्हणत होती ते बरोबर होतं. मी एक बदल केला असं मला वाटलं होतं.”

“म्हणजे मॉडेल पास?” थोरलीने विचारलं.

“छे. मी इतकंच म्हणतोय की त्या परीक्षेचा पेपर चुकीचा काढला होता. मॉडेल पास झालं असं कुठे म्हटलं?”

बाई खदखदून हसल्या. तसं त्यांना हसताना थोरलीने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. “लिहा हेच,” त्या म्हणाल्या. “माणसाची एक गोष्ट बदलली की एकच बदलेल, हे गृहीत धरू नका. आमचं मॉडेल चांगलं आहे, पण ते आपल्या सोयीने माणसाचे तीन तुकडे करतं, आणि माणूस काही तुकड्यांचा नसतो. शेवटचं वाक्य लेखातून काढून टाका, ते लोकांना आवडणार नाही.”

लेख छापून आला. कुणी वाहवा केली, कुणी खोट काढली. एका परक्या प्रयोगशाळेने कळा आणखी कडक करून बघितल्या. बाई निवृत्त झाल्यावरही तिसऱ्या प्रहरी चहाला येत राहिल्या. दवाखान्याला थोरलीने पत्र लिहिलं, मग स्वतः गेली. चित्रांमध्ये जरा थांबा, एवढंच तिने सांगितलं. डॉक्टर म्हणाला, रांग बघा बाहेर. ती पुन्हा गेली. आता तो काही जणांसाठी थांबतो, सगळ्यांसाठी नाही.

बाबा धाकट्याच्या शहरात रुळले. दिवसाच्या बाईच्या आधाराने, काठी टेकत आता रस्त्याच्या कडेपर्यंत येतात, बाकावर बसतात. धाकटा सांगतो, तिथली नवशिकी मुलं गाडी थांबवून त्यांना मास्तर म्हणायला लागलीत, कुणी सांगितलं कोण जाणे.

सुट्टीच्या सकाळी थोरली त्यांना फोन करते. पहिल्यांदा फार अवघड जायचं. फोनमध्ये शांतता आली की तिला वाटे, लाइन कट झाली. आता ती फोन कानाशी धरून खिडकीतल्या त्या खुर्चीत बसते आणि ऐकत राहते. तिकडच्या रस्त्यावरची वाहनं, कुणाची तरी सायकलची घंटा, बाबांचा श्वास. ठिपक्यांसारखे आवाज येतात, जातात.

अशाच एका सकाळी बाबांनी विचारलं, “तू... कशी आहेस?”

“मी मस्त,” असं म्हणायला तिने तोंड उघडलं. रोजचं उत्तर, जिभेवर तयार असलेलं. ते आलं नाही. घर फार शांत झालंय, हे सांगावं का? की परवा पहिल्यांदाच ती दुपारी नुसती झोपली आणि तिला बरं वाटलं, ते? दोन्ही खरं होतं. खालच्या चौकात गाड्या थांबल्या, निघाल्या.

तिकडे बाबा तिच्या उत्तरासाठी थांबले होते. फोन त्यांनी कानाशीच धरला होता. त्यांच्या मागे कुणाची तरी गाडी सुरू होईना, पुन्हा पुन्हा गुरगुरून बंद पडत होती.